नांगर आणि भूमाता : प्रस्तावना

खंडेनवमीच्या दिवशी शस्त्रांबरोबर ज्या औजारांना गंधफूल वाहण्याची आपल्याकडे चाल आहे, त्यांत शेतकऱ्याच्या घरी नांगराचा मान मोठा. आणि ज्या लोकांनी बलरामाच्या खांद्यावर नांगर दिला, जनकाच्या नांगराच्या तासात सीता सापडल्याची कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली, इतकेच नव्हे तर ‘सीता’ या शब्दाचा नांगरटीची रेघ हा मूळ अर्थही विसरू दिला नाही, त्या लोकांपुढे नांगरावर फिर्याद मांडणारे एक चित्र ठेवणे हे काहीसे धाडसाचे काम आहे, याची मला जाणीव आहे. हे पुस्तक त्या एका चित्राविषयी आहे. चित्रकाराचे नाव अलेक्झांडर होग, देश अमेरिका, साल १९३६, आणि चित्राचे नाव ‘इरोझन नंबर टू : मदर अर्थ लेड बेअर’, म्हणजे ‘धूप, क्रमांक दोन : उघडी पडलेली भूमाता’. सांप्रत ते ओक्लाहोमा संस्थानातील टल्सा शहरी फिलब्रुक संग्रहालयात आहे. एका तैलचित्रासाठी एवढा ग्रंथविस्तार कशाला, असा प्रश्न चोखंदळ वाचक विचारील, आणि तो त्याने विचारावाच. कारण त्याचे उत्तर देणे हेच या प्रस्तावनेचे प्रयोजन आहे.

प्रथम चित्र. प्रथमदर्शनी ते एका ओसाड शेताचे चित्र वाटते. वरचा मातीचा थर वाहून गेलेला, पाण्याच्या ओघळांनी रान कोरून काढलेले, मध्ये गोल गोल उंचवटे शिल्लक राहिलेले, मागे राबता उरलेला नाही अशा शेतघराची खूण आणि अग्रभागी टाकून दिलेला एक नांगर. पाहणारा क्षणभर हळहळतो, आणि पुढे जाण्यासाठी पाऊल उचलतो तोच त्याच्या ध्यानात येते की ते उंचवटे नुसते उंचवटे नाहीत. मातीखाली एक स्त्री उताणी पसरलेली आहे, तिचे पोट, तिच्या मांड्या, तिचे स्तन यांवरचे पांघरूण पाण्याने ओढून नेले आहे, आणि आपण जिला जमीन समजत होतो तो तिचा देह आहे. एकदा ही आकृती दिसली की ती पुन्हा अदृश्य करता येत नाही. शेत पाहावे तर स्त्री दिसते, स्त्री पाहावी तर शेत दिसते, आणि दोहोंच्या पुढ्यात तो नांगर, ज्याच्या हातून गुन्हा घडला तो पळून गेल्यावर घटनास्थळी राहिलेल्या हत्यारासारखा, मुकाट्याने पडून असतो. सबंध चित्रात माणूस कोठेही नाही. वादळ नाही, वीज नाही, धुळीचा लोटही नाही. आपत्तीचे चित्र म्हणून ज्याची ख्याती झाली, त्यात आपत्ती घडताना दाखविलेलीच नाही. ती घडून गेल्यानंतरचा पंचनामा तेवढा आहे.

ही आपत्ती कोणती, हे मराठी वाचकाला थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. अमेरिकेच्या मध्यभागी रॉकी पर्वताच्या पूर्वेस जी विस्तीर्ण सपाटी आहे, तिच्या दक्षिण भागात, म्हणजे कॅन्सस, कोलोरॅडो, न्यू मेक्सिको, ओक्लाहोमा आणि टेक्सस या पाच संस्थानांच्या सीमा जेथे जवळ येतात त्या टापूत, पाऊस वर्षाकाठी वीस इंचांच्या आतबाहेर पडतो. म्हणजे आपल्या माणदेशातल्या माणसाला ओळखीचा वाटावा असा तो मुलूख. फरक एवढाच की तेथे वाऱ्याला अडविणारा डोंगर नाही. या मुलखाचे रक्षण शतकानुशतके एका खुज्या, चिवट गवताने केले. त्याची मुळे एकमेकांत विणली जाऊन मातीवर जणू गोधडीच टाचली गेली होती. अवर्षणात ते वरून करपे, पण मुळांशी जिवंत राही, आणि वाऱ्याच्या हाती मातीचा कण लागू देत नसे. त्या गवतावर गव्यांचे अफाट कळप चरत, आणि त्या कळपांवर कोमांची व कायोवा लोकांचा निर्वाह चाले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गोऱ्या शिकाऱ्यांनी गवे मारून संपविले. १८७४-७५ च्या लढाईत कोमांची-कायोवांचा मोड होऊन त्यांची रवानगी राखीव छावण्यांत झाली. मग गुरांचे मोठमोठे कळप घेऊन गोरे धनगर-गवळी आले, आणि त्यांच्या मागोमाग नांगर आला.

नांगर आपण होऊन आला नाही, त्याला सरकारी सनद होती. १८६२ च्या कायद्यान्वये जो कोणी पाच वर्षे वस्ती करून जमीन कसून दाखवील त्याला १६० एकर जमीन मोफत मिळण्याची तजवीज झाली होती, आणि कोरडवाहू मुलखात एवढ्यावर कुटुंब जगत नाही असे दिसून आल्यावर १९०९ साली ही मर्यादा ३२० एकरांवर नेण्यात आली. जमिनी विकणाऱ्या दलालांनी आणि रेल्वे कंपन्यांनी जाहिरातींचा पाऊस पाडला, आणि खरा पाऊसही नांगराच्या मागोमाग येतो, गवत मोडून जमीन उकरली की आकाश आपोआप ओलावते, असा एक समज त्या काळी शास्त्राच्या नावाने प्रसृत झाला. आपल्याकडे नांगरट आटोपून शेतकरी आभाळाकडे डोळे लावून बसतो. तेथे नांगरट केली म्हणूनच आभाळाने यावे अशी अपेक्षा होती. श्रद्धा आणि भ्रम यांत किती अंतर असते ते पाहायचे तर या दोन शेतकऱ्यांकडे पाहावे.

पुढे पहिल्या महायुद्धात युरोपात धान्याचा तुटवडा पडला, सरकारने गव्हाला बुशेलमागे दोन डॉलरांवर भाव बांधून दिला, आणि पिढ्यान्‌पिढ्या न मोडलेले गवत भराभर मोडू लागले. युद्ध संपले तरी नांगरट थांबली नाही. कर्ज काढून ट्रॅक्टर घेतलेल्यांना ती थांबविता येईना. १९२५ ते १९३० या पाच वर्षांतच दक्षिण सपाटीवर ५२ लाख एकरांहून अधिक नवी जमीन नांगराखाली आली. चकत्यांच्या नव्या नांगराने काम झपाट्याने होई, पण माती इतकी भुसभुशीत होई की तिचे पीठच व्हावे. त्यातच मंदी येऊन १९३१ च्या सुमारास गव्हाचा भाव चाळीस सेंटांच्या आसपास घसरला, हातचे पीक विकून मजुरीही निघेना, कित्येकांनी शेते उघडी टाकून दिली, आणि नेमक्या त्याच सुमारास अवर्षणाचे पर्व सुरू झाले. भाव गेला, पाऊस गेला, गवत तर आधीच गेले होते. राहिला तो वारा.

त्या वाऱ्याने काय केले त्याच्या हकिकती आजही वाचवत नाहीत. मे १९३४ मध्ये उठलेल्या एका वादळाने पश्चिमेची माती पूर्वेकडे नेली ती न्यूयॉर्क-वॉशिंग्टनच्या रस्त्यांवर तर पडलीच, पण अटलांटिक महासागरातील जहाजांच्या डेकांवरही तिचा थर बसला. १४ एप्रिल १९३५ चा रविवार तर ‘काळा रविवार’ म्हणूनच इतिहासात नोंदला गेला. त्या दिवशी भर दुपारी आलेल्या धुळीच्या भिंतीने दिवसाची रात्र केली, आणि त्या वादळाच्या वार्तेतूनच या टापूला ‘डस्ट बाउल’, म्हणजे धुळीचे खोरे, हे नाव पडले. घरोघर गृहिणी खिडक्यांच्या फटींवर ओली फडकी लावीत, ताटे पालथी मांडून ठेवीत आणि अन्न वाढायच्या क्षणी ती सुलटी करीत. धुळीने होणाऱ्या फुप्फुसाच्या आजाराने मुले आणि म्हातारी माणसे दगावली. १९४० पर्यंत सपाटीच्या संस्थानांतून सुमारे पंचवीस लाख माणसे परागंदा झाली. सरकारनेही हालचाल केली: काळ्या रविवारनंतर दोन आठवड्यांच्या आत, २७ एप्रिल १९३५ रोजी, ह्यू बेनेट या मृत्तिकातज्ज्ञाच्या आग्रहाने मृदसंधारणाचे स्वतंत्र खाते कायद्याने स्थापन झाले. देशाच्या राजधानीला मातीचे महत्त्व पटण्यासाठी ती माती उडत राजधानीपर्यंत यावी लागली.

अशा वेळी होग चित्र काढीत होता. १८९८ साली मिझुरी संस्थानात त्याचा जन्म झाला आणि तान्हेपणीच कुटुंब टेक्सस संस्थानात आले. बाप धर्मोपदेशक होता. आई परसातल्या बागेत काम करताना मुलाला भूमातेविषयी सांगे, आणि त्या पोराच्या कल्पनेत जमिनीखाली सर्वत्र पसरलेली एक प्रचंड स्त्री दिसू लागली. पुढच्या आयुष्यात हा माणूस न्यूयॉर्कला जाहिरातींची अक्षरे रंगवीत काही वर्षे राहिला, १९२५ साली टेक्ससला परतला, उत्तर टेक्ससमधील डॅलहार्ट गावानजीकच्या नातलगांच्या गुरांच्या वाडीवर त्याने काम केले होते आणि तेथील गवत त्याने उभे असलेले पाहिले होते. परंतु आईने परसात रुजविलेली ती स्त्री त्याच्या मनातून गेली नाही. शेत नागवे झालेले जेव्हा त्याने पाहिले, तेव्हा शेतात ती त्याला दिसली. तेव्हा हे रूपक त्याने पुस्तकांतून उचलून मातीवर आणून बसविले असे म्हणता येणार नाही. बालपणीचे एक खरे वाटलेले चित्र प्रौढपणी भयंकर रीतीने खरे झाल्याचा हा दाखला आहे. आपल्याकडे सकाळी अंथरुणातून उठताना पाय टेकण्यापूर्वी पृथ्वीची क्षमा मागणारे लोक अजून आहेत. त्यांना ही गोष्ट समजावून सांगावी लागणार नाही.

१९३६ हे साल ध्यानात ठेवण्याजोगे आहे. त्याच वर्षी ग्रँट वुड या आयोवाच्या चित्रकाराने ‘स्प्रिंग टर्निंग’ नावाचे चित्र काढले. त्यातही भूमी गोलाकार, मांसल, स्त्रीदेहासारखीच आहे, आणि त्यातही नांगर आहे. पण ती भूमी हिरवीगार, तृप्त, लोळत पडलेली, आणि नांगरणारा व त्याचे घोडे तिच्या विस्तारावर मुंगीएवढे. वुडच्या चित्रात नांगर स्तोत्र म्हणतो, होगच्या चित्रात तो गप्प आहे. त्याच वर्षी पेअर लोरेंट्झ याने सरकारी खर्चाने ‘द प्लाउ दॅट ब्रोक द प्लेन्स’ हा बोलपट काढला आणि सपाटी मोडल्याचा ठपका नावातच नांगरावर ठेवला. आणि त्याच वर्षी डोरोथिया लँग या छायाचित्रकर्तीने कॅलिफोर्नियात मजुरांच्या तळावर, खांद्यांशी दोन मुले बिलगलेल्या एका निर्वासित आईचे जे छायाचित्र घेतले, ते त्या दशकाची मुद्रा होऊन बसले. एक आई तळावर बसलेली, एक आई शेतात पडलेली. या दोघींची चित्रे शेजारी शेजारी ठेवून पाहावीत अशी माझी वाचकाला विनंती आहे. पहिलीकडे पाहून जगाला करुणा आली, कारण तिला चेहरा होता आणि त्यावर काळजी होती. दुसरीकडे पाहून पुष्कळांना राग आला, कारण तिच्यासमोर नांगर होता आणि तो आपलाच होता.

हा राग कल्पित नव्हे. होगच्या याच मालिकेतील ‘ड्राउथ सर्व्हायव्हर्स’ या चित्रात, अर्धवट वाळूत गाडलेला ट्रॅक्टर, कुंपणाशी मरून पडलेली गुरे, आणि जिवंत राहिलेले म्हणून काय तर एक ‘प्रेअरी डॉग’, म्हणजे गवताळ रानात बिळे करून राहणारी खार, नि एक सर्प, असा देखावा होता. १९३७ साली ‘लाइफ’ साप्ताहिकाने होगची चित्रे छापली तेव्हा पश्चिम टेक्ससच्या व्यापाऱ्यांची माथी भडकली. आपल्या मुलखाची बदनामी होते, जमिनीचे भाव पडतात, असे त्यांचे म्हणणे. डॅलहार्टकरांनी तर पन्नास डॉलर गोळा करून एका माणसाला हे चित्र विकत आणायला पाठविले, ते अशासाठी की गावच्या रस्त्यावर त्याची होळी करावी. पण चित्राची किंमत दोन हजार डॉलर निघाली आणि बेत फसला. पुढे पॅरिसच्या एका संग्रहालयाने ते चित्र घेतले, आणि १९४८ साली ते आगीतच नष्ट झाले. डॅलहार्टला जे साधले नाही ते दैवाने दहा वर्षांनी परक्या देशात साधले, असे म्हणून कोणी हसेल. पण मला त्या पन्नास डॉलरांविषयी आदर वाटतो. भुकेने गांजलेल्या गावाने वर्गणी काढून चित्र जाळू पाहावे, यापरता चित्राच्या सामर्थ्याचा पुरावा कोणत्या समीक्षकाने दिला आहे?

आदर वाटतो म्हटले, त्याला आणखी एक कारण आहे, आणि येथे या पुस्तकाचा मुख्य मुद्दा येतो. डॅलहार्टकरांची तक्रार सर्वस्वी खोटी नव्हती. होगने काम केले ते गुरेवाल्यांच्या वाडीवर, आणि गवत मोडणाऱ्या नांगरवाल्यांवर गुरेवाल्यांचा जुना दात होता. भूमातेच्या चित्रातला अग्रभाग त्या रागाने रंगला आहे. पण त्याच गवतावर गरजेबाहेर गुरे चारून ते विरळ करण्यात गुरेवाल्यांचाही हात होता, आणि त्यांच्या आधी ते गवत ज्यांचे होते त्यांना हुसकून लावण्यात तर सगळेच सामील होते. यातले काही चित्रात नाही. १९०९ चा कायदा चित्रात नाही, दोन डॉलरांचा हमीभाव नाही, चाळीस सेंटांचा बाजार नाही, ट्रॅक्टरवरचे कर्ज नाही. एवढेच काय, ज्या चकत्यांच्या नांगराने मातीचे पीठ केले तोही नाही. चित्रातला नांगर जुन्या घडणीचा, जनावराने ओढायच्या जातीचा आहे. न्यायाच्या भाषेत बोलायचे तर होगने नांगराला आरोपी केले, परंतु पंचनामा वाचणाऱ्याला ठाऊक असते की घटनास्थळी सापडलेले हत्यार हा आरोपी नसतो. तो मुद्देमाल असतो. तो जप्त करावा, त्यावर चिठ्ठी लावावी, न्यायासनापुढे हजर करावा, आणि मग ज्याच्या हातात तो होता त्याला, आणि ज्यांनी तो त्याच्या हातात दिला त्यांना, एकामागून एक पुकारावे.

मग चित्राची किंमत कमी झाली काय? मुळीच नाही. चित्राचे काम खटला चालविणे हे नव्हे. मुद्देमाल नजरेसमोरून हलू न देणे हे आहे. ‘आस्मानी’ हा शब्द आपल्या जुन्या महसुली दप्तरांत ‘सुलतानी’च्या जोडीने येतो, आणि दोन्हींच्या मधली रेघ पुसट करण्यात सत्ताधीशांचा नेहमीच फायदा असतो, कारण आस्मानीसाठी सूट मागता येते, पण सुलतानीसाठी जाब विचारावा लागतो. होगने आपल्या चित्रातून आकाश जवळजवळ वजा केले. वादळ रंगविले असते तर दोष वादळाकडे गेला असता. त्याने नांगर पुढे ठेवला, आणि त्या क्षणी आस्मानी म्हणवणारी आपत्ती सुलतानी ठरली. अपुऱ्या साक्षीचे, पण योग्य दिशेला बोट दाखविणारे असे हे चित्र आहे; उरलेली साक्ष या पुस्तकाच्या पुढील प्रकरणांत, सनदा, भाव, यंत्रे आणि पाऊस यांच्या क्रमाने, गोळा केली आहे.

मराठी वाचकाने सात समुद्रांपलीकडच्या या मातीत का शिरावे, याचे उत्तर आपल्याच दप्तरात आहे. महात्मा फुले यांनी १८८३ साली लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात, डोंगरउतारावरील कस पावसाबरोबर वाहून नद्यांना मिळतो आणि शेते निकस होतात, हे स्पष्ट ओळखून, सरकारने आपल्या फौजेतील व पोलिसांतील लोकांकडून जागोजाग ताली-बंधारे घालून घ्यावेत आणि पाणी शेतांत जिरवावे अशी सूचना केली आहे. ज्या वर्षी ही सूचना लिहिली गेली तेव्हा अमेरिकेच्या त्या सपाटीवरचे गवत बहुतांशी उभे होते. पुढे त्या सपाटीवर धुळीची वादळे उठत होती त्याच दशकात, १९३३ साली, सोलापूरला कोरडवाहू शेतीचे संशोधन केंद्र सुरू झाले; आणि समपातळी बांध घालण्याला कायद्याचे बळ मिळाले ते मुंबई इलाख्याच्या १९४२ च्या जमीनसुधारणा कायद्याने, फुल्यांच्या सूचनेनंतर ५९ वर्षांनी. आपल्याकडे माती वाऱ्याने उडून राजधानीपर्यंत जात नाही. ती रात्रीच्या पावसात मुकाट्याने ओढ्याला मिळते, आणि म्हणूनच तिच्यासाठी कोणी काळा रविवार पाळीत नाही.

शेवटी हे चित्र कसे पाहावे याविषयी एक शब्द. त्यातील स्त्रीदेहावर पुष्कळ लिहिले गेले आहे. कोणी त्याला भडक म्हटले आहे, आणि स्त्री आणि भूमी यांना एकाच मापाने मोजण्याची पुरुषांची जुनी खोड त्यात आहे हा आक्षेप मलाही मान्य आहे. परंतु चित्र पाहताना नजर त्या देहावर फार वेळ ठेवू नये. करुणा सोपी असते आणि ती लवकर संपते. नजर नांगराकडे न्यावी, आणि तो कोणाचा, कोणी दिला, कोणत्या भावासाठी चालला, असे विचारीत राहावे. आणि ज्या वाचकाला टल्सापर्यंत जाणे घडणार नाही, त्याने येत्या मृगाच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर गावाबाहेरच्या ओढ्यावर जावे आणि पाण्याचा रंग पाहावा. तो रंग जर आपल्या शेताच्या मातीचा असेल, तर या पुस्तकाचे पहिले प्रकरण त्याने वाचले असे मी समजेन.